आठ डोळे, पाच डोळे

अहो, जरा पुढं सरका. टाळ मांडीवर ठेवा. बुवा घसा ओला करून येईपर्यंत तुम्हाला एक गोष्ट सांगतो. हरिकथा नव्हे ही, एका किड्याची. पण देवाच्या दारात चालेल.

साल एकसष्ट. ज्योतिबा नावाचा सरकारी माणूस दौंडला एका खोलीत सूक्ष्मदर्शक मांडून शेतातली कीड ओळखायचा. त्या साली वरवंडच्या सर्जेरावांची कांद्याची रोपं पिवळी पडली. मुळाशी तिळाहून बारीक, काळपट किडे. पोटाखालचा काटा आपटून टणकन उडणारे. तसलेच किडे बांधापलीकडं अमीरबीच्या खतखड्ड्यात. अमीरबी विधवा, खत मुरवून बागायतदारांना विकायची, त्यावरच तिची चूल. पंचायतीत ठरलं की दोन्हीकडचे किडे एकच निघाले, तर सोमवारी खड्ड्यात चुना ओतून किडे मारायचे, खत गेलं तरी चालेल.

शनिवारी सर्जेराव स्वतः दोन बाटल्या घेऊन आले. बाहेर जीप सुरूच.

दोन्ही किड्यांच्या डोक्यावर दोन बाजूंना काळे ठिपके दिसत होते. त्या एकेका ठिपक्यात कितीतरी डोळे असतात. औषधात भिजवून रंग उतरवायचा, मग डोळे मोजायचे. त्यावरच जात ठरते.

"उद्यापर्यंत थांबावं लागंल," ज्योतिबा म्हणाला.

"किड्याचं डोळं मोजायला सरकार पगार देतं व्हय?" सर्जेराव हसले. "दोन्ही काळं, दोन्ही उडत्यात. आनखी काय पायजे? लिवा."

ज्योतिबानं लिहिलं: एकच जात. खाली सही. कागद घेऊन जीप गेली, आणि हाताच्या सवयीनं त्यानं दोन्हीकडचे दहा-दहा किडे औषधात टाकले.

रविवारी दुपारी रंग उतरला. खतातल्या किड्याला एका बाजूला आठ डोळे. रोपांतल्याला पाच. त्यानं सगळेच्या सगळे वीस मोजले. आठ ते आठच, पाच ते पाचच.

सोमवारी पहिल्या एस.टी.नं तो सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवर घेऊन वरवंडला उतरला. चुन्याची गाडी खड्ड्याशी लागली होती. अमीरबी फावडं घेऊन खड्ड्यात उतरून उभी होती.

"माझ्यावरच वता," ती म्हणत होती.

"थांबा," ज्योतिबा म्हणाला. "माझा कागद चुकीचा हाय. जाती दोन हायत. खतातला किडा रोपांवर गेलेलाच न्हाई."

"परवा एक, आज दोन," सर्जेराव म्हणाले. "बाईनं काय पाजलं तुम्हाला?"

माणसं हसली. ज्योतिबानं खड्ड्याच्या कडेला दगडावर सूक्ष्मदर्शक ठेवला, खाली किड्याची काच सरकवली, उन्हाकडं आरसा वळवला आणि सर्जेरावांना म्हणाला, "तुम्हीच मोजा."

"मी किड्याम्होरं वाकत न्हाई."

शेवटी सरपंच पोपटराव आबा पटका सावरत वाकले. बराच वेळ लागला त्यांना. काच बदलून पुन्हा वाकले.

"हितल्या खतातल्याला आठ," ते म्हणाले. "आन् रोपातल्याला पाच. सर्जेराव, गाडी माघारी न्या."

"न्हेतो. पर साहेब, तुमची खुर्ची कशी ऱ्हाती तेच बगतो," सर्जेराव ज्योतिबाला म्हणाले, आणि त्याच्या पायाशी थुंकून गेले.

ज्योतिबा खड्ड्याच्या काठाशी बसला. "चूक झाली, मावशी."

अमीरबीनं फावडं खाली रोवलं. "मावशी म्हनू नका. सही करताना न्हाई आठवली मावशी. तवा मोजलं असतं, तर मी आज गावाम्होरं चुन्याखाली हुबी ऱ्हायले असते का?"

त्यानं पेटी आवरली. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि विचारावं तरी का? पुढं महिन्याभरात त्याची बदली झाली. सर्जेराव त्या बांधावरून गेले, की अमीरबी पाठ फिरवायची. अखेरपर्यंत.

आले बघा बुवा. तुम्हाला एवढंच सांगणं, की आपण उभे राहून गजर म्हणू तेव्हा खड्ड्यात उतरलेल्या त्या अमीरबीची मनात आठवण ठेवा.