कोट घालून आलेला आत्मा

गुरुवारी दुपारी नागपूरच्या अमरावती रोडवर वाडीच्या अलीकडे ट्रक एकामागे एक थांबू लागले, तेव्हा ड्रायव्हर लोकांना वाटलं, पुढे अपघात झाला असावा. अपघात नव्हता. एका रिकाम्या गोदामात मेलेली माणसं परत येत होती आणि त्यांना पाहायला जिवंत माणसांनी रस्ता अडवला होता.

या गोदामात आधी सरकीची पोती असत. आता तिथे सतरंज्या होत्या, समोर चौरंग आणि चौरंगावर पांढऱ्या एनॅमलचं पसरट भांडं. भांड्यामागे रेघवाले महाराज बसत. दाढी काळीभोर, आवाज मऊ, आणि उजव्या हाताची बोटं पिवळट तपकिरी. ती तपानं तशी झाली, असं त्यांचा शिष्य गिरिधर न विचारताही सांगे.

रीत अशी होती. मेलेल्या माणसाचा फोटो एका गुरुवारी महाराजांच्या पायाशी ठेवायचा. आठ दिवस महाराज त्यावर ध्यान धरत. पुढच्या गुरुवारी तो सर्वांसमोर तीर्थात सोडत, मग फोटो विरून जाई आणि माणूस उरे.

“फोटो म्हंजे का? उजेड-सावलीची माया,” महाराज म्हणत. “ते माया मी धुतो. मंग राह्यते ते आत्म्याची रेघ. मी काढत नाही, बापा. ज्याची त्यानं काढली असते. मी देव सांगत नाही, जात पुसत नाही, नारळ घेत नाही. फोटो द्या, बस.”

१९७४ सालच्या त्या गुरुवारी प्रेमिला आई तुळसाबाईंबरोबर तिसऱ्या सतरंजीवर बसली होती. ती शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून डोळे थकत, तरी घरी येऊन पुन्हा वाचत बसे. वडील बळीराम जाऊन चार महिने झाले होते. आईने एकटीने वाडीला येऊ नये, एवढ्याचसाठी ती आली होती.

त्या दिवशी शेजारच्या यमुताईंच्या गेलेल्या नवऱ्याची, रुपरावांची पाळी होती. रुपरावांनी तीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोती वाहिली होती. गिरिधरने त्यांचा फोटो भांड्यात ठेवला आणि महाराजांनी लोट्यातलं तपकिरी तीर्थ ओतलं. प्रेमिलाच्या नाकात एक ओळखीचा वास शिरला. दवाखान्यात वडिलांची जखम रोज सकाळी बांधत, त्या खोलीचा वास.

भांड्यात रुपराव फिके होत गेले. कागदावर नीळ चढली, कपड्यांना घालतात तशी. आत्मा आभाळातून चालला आहे, असा खुलासा गिरिधरने केला. मग महाराजांनी दुसऱ्या लोट्यातलं स्वच्छ पाणी ओतलं. आभाळ धुऊन गेलं आणि पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांचे रुपराव उरले. भुवया, कान, मिशी, सगळं जागच्या जागी. अंगात कोट आणि गळ्यात टाय.

यमुताई रडू लागल्या. सतरंज्यांवर हात जोडले गेले. प्रेमिला त्या कोटाकडे पाहत राहिली. कोट तिच्या ओळखीचा होता. फोटो स्टुडिओत तो खुंटीवर टांगलेला असायचा. कोणालाही बसावा म्हणून त्याची पाठ उभी उसवलेली असे. निम्म्या नागपूरचे गेलेले लोक भिंतींवर तोच एक कोट घालून बसले होते.

“माय,” ती हळूच म्हणाली, “रुपरावभाऊजींनी जन्मात कधी कोट घातला होता का?”

तुळसाबाईंनी विचार केला. “वरतं थंडी असन,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर प्रेमिलाला भिंतीवर नुसता खिळा दिसला. वडिलांचा फोटो तुळसाबाईंनी फ्रेममधून काढून पिशवीत नेला होता आणि गर्दीत गिरिधरच्या हाती दिला होता. बळीरामांचा तेवढा एकच फोटो होता. काढणारा स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता आणि त्याच्या निगेटिव्हच्या काचा धुऊन कोणा फ्रेमवाल्याने नेल्या होत्या.

बळीराम खापरखेड्याच्या वीजघरात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. छपन्न सालच्या दसऱ्याला त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात पिंड नाही, श्राद्ध नाही, अंगारा नाही. जातानाही त्यांनी तेच बजावलं होतं आणि तुळसाबाईंनी शब्द पाळला होता.

“मी मोडला का त्याइचा शब्द?” त्या म्हणाल्या. “नाही मोडला. हे त्यातलं नोहे वं. यात देव नाही, भटजी नाही. नुसतं पाणी आहे. मले एकडाव पाहू दे त्याइले. तू पुस्तकं वाचून राहिली चार महिने. मी काय वाचू?”

 प्रेमिलाने फोटोचं नाव पुन्हा काढलं नाही.

सोमवारी ती छापखान्याच्या मागच्या खोलीत गेली. तिथे देवराव ठसे बनवत. चित्र छापायचं तर त्याचा आधी जस्तावर ठसा करावा लागे आणि त्या कामात त्यांचे केस पांढरे झाले होते. तिने गोदामात पाहिलेलं सगळं सांगितलं. देवरावांनी हातातलं काम थांबवलं नाही.

“कागद निळा झाला का? आयोडीन, जखमेले लावते ते. मंग पांढरा झाला? हायपो. हे तं आमचं रोजचं काम आहे, ताई.”

त्यांनी समजावून दिलं. स्वस्त कागदावर फोटो छापला की तोंडाचा नुसता काळा डाग उठतो. म्हणून बिनचकाकीच्या फोटोवरच, नाकडोळ्यांच्या कडेकडेने, पाण्याने न जाणाऱ्या काळ्या शाईने रेघा ओढायच्या. मग फोटो आयोडीनमध्ये बुडवायचा, हायपोने, म्हणजे फोटोवाल्यांच्या धुण्याच्या क्षाराने, धुवायचा. फोटो जातो, शाई राहते. कोणालाही वाटावं, चित्रकाराने समोर बसवून रेखाटन केलं आहे.

“मंत्री धुतले, पहिलवान धुतले,” देवराव म्हणाले. “आत्मा एकाचाही आला नाही.”

“धुतलेला फोटो परत आणता येतो?”

आता देवरावांनी कुंचला खाली ठेवला. “नाही. धुतला का गेला.”

प्रेमिलाने परीक्षेच्या अर्जासाठी काढलेला स्वतःचा फोटो मोठा करून घेतला आणि पुढचे दोन दिवस, सुट्टी झाल्यावर, देवरावांच्या टेबलाशी बसून त्यावर रेघा ओढल्या. स्वतःच्या नाकावरून शाई नेताना ते नाक वडिलांचं आहे, हे तिला पहिल्यांदा नीट दिसलं.  काम संपल्यावर देवरावांनी फोटो हातभर लांब धरला. सावलीत एकही रेघ ओळखू येत नव्हती.

गुरुवारी तुळसाबाई पहिल्या सतरंजीवर जाऊन बसल्या. भांड्यात तपकिरी तीर्थ तयार होतं आणि गिरिधरच्या हातात बळीराम होते. प्रेमिला उठून चौरंगाशी गेली.

“महाराज, आधी हा एक.”

“यावर ध्यान झालं नाही, माय.”

“दोन दिवस झालं आहे,” असं म्हणत तिने फोटो तीर्थात सोडलाही.

गर्दीसमोर महाराजांना तो बाहेर काढता येईना. चेहरा फिका झाला. कागद निळा झाला. दुसरा लोटा तिने स्वतःच उचलला आणि ओतला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची एक बाई उरली. सतरंज्यांवर हात जोडले गेले.

“कोण वं, बहीण का तुही?” मागून एक म्हातारी म्हणाली. “कवळ्या वयात गेली बिचारी.”

“मीच आहे,” प्रेमिला म्हणाली. “मेलेली नाही.”



महाराज मुरलेले होते. या पोरीलाही सिद्धी आहे, आपण पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, असं त्यांनी मऊ आवाजात जाहीर केलं. दोघा-तिघांनी प्रेमिलालाही नमस्कार केला. तिने तो घेतला नाही. आयोडीन औषधाच्या दुकानात मिळतं, हायपो फोटोवाल्याकडे, शाई स्टेशनरीत. आठ दिवस चालतं ते ध्यान नसून रेघा ओढण्याचं काम आहे आणि हा हात चांगल्या कारागिराचा आहे, असं ती म्हणाली. ज्याला खोटं वाटेल त्याने घरी करून पाहावं, पण फोटो स्वतःचा घ्यावा.

मग तिने गिरिधरच्या हातून वडिलांचा फोटो काढून घेतला आणि आईला दाराशी नेलं. उन्हात तिने तो तिरपा धरला. बळीरामांच्या चेहऱ्यावर काळ्या रेघा चमकू लागल्या.

“माय, हा अजून पाण्यात गेलाच नाही.”

तुळसाबाई कितीतरी वेळ पाहत होत्या. एका रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं. ते वरच्या ओठाशी थांबलं. वीजघरात पट्टा तुटून बळीरामांच्या ओठाला लागला होता आणि तिथे मिशी दुभंगलेली असे. फोटोत ती खाच बारीक होती. रेघ तिच्यावरून सरळ गेली होती.

“त्याइची मिशी अशी नव्हती,” तुळसाबाई म्हणाल्या. मग त्या आत वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं महाराजांना विचारलं, “काहून गा, मेल्यावर माणूस आपलं तोंड भुलते का?”

महाराजांनी डोळे मिटले होते. ते ध्यानात गेल्याचं गिरिधरने सांगितलं. यमुताई चौरंगाजवळ उभ्या होत्या. आपल्या कागदावरचा कोटवाला मग कोणी काढला, असं त्यांनी विचारलं. माणसानेच काढला, चांगला काढला आहे, असं प्रेमिला म्हणाली. “मंग राहू देतो,” असं म्हणून त्या गेल्या. पुढच्या गुरुवारी गोदामाला कुलूप होतं. सावनेरकडे कोणी महाराज आले आहेत, असं ट्रकवाले सांगत.

फोटोवरची शाई देवरावांनाही काढता आली नाही. बळीराम तसेच, रेघांमागे, पुन्हा फ्रेममध्ये गेले. मात्र आता संध्याकाळी तुळसाबाई त्यांच्याबद्दल बोलतात. मिशी कशी होती, पट्टा कसा तुटला, त्या दिवशी घरी येऊन ते पहिल्यांदा काय म्हणाले. प्रेमिला पुस्तक मिटून ऐकते. यातलं बरंच तिला ठाऊक नव्हतं.

गेलेल्या माणसाला एकदा पाहावंसं वाटणं ही काही अंधश्रद्धा नाही. ते ज्याला वाटत नाही असं घर सापडणार नाही, आणि म्हणूनच त्या वाटण्यावर दुकान टाकणारे सगळीकडे सापडतात. अशा वेळी तीर्थाचा वास घ्यावा, कागद उजेडात धरावा आणि घरात त्या माणसाला सर्वांत जास्त ओळखत होतं कोण, त्याला विचारावं. महाराजांनी तुमचा माणूस पाहिलेला नसतो. तुम्ही पाहिलेला असतो.