गारव्याचा आकडा

“आकडा सांगा, काकू.”

“चार.”

“झोंबतंय का?”

“किंचित. मुंग्या आल्यासारखं. पण सोसवतंय.”

इंजिनिअर मुलीने यंत्र काकूंच्या कपाळावरून उचललं आणि हनुवटीच्या डाव्या बाजूला टेकवलं. काकू डोळे मिटून खुर्चीत मागे रेलल्या होत्या. केस कापडी पट्टीत बांधलेले, गळ्याभोवती पांढरा टॉवेल.

“आता?”

काकूंनी जरा वेळ घेतला. खरं तर वेळ घेण्यासारखं काहीच नव्हतं. हनुवटीवर यंत्र टेकलंय की नाही, हेसुद्धा त्यांना कळत नव्हतं.

“चार,” त्या म्हणाल्या. “कपाळासारखंच.”

मुलीने आकडा टिपला, त्यांच्या चेहऱ्यावरचं जेल हलक्या हाताने पुसलं आणि आपलं चाकांचं स्टूल सरकवत ती शेजारच्या खुर्चीकडे गेली. तिथे महिन्याभरापूर्वी आलेली एक तरुण बाई बसली होती. कारखान्यात अजून तिला सगळे नुसतं ‘नवी’ म्हणत. कपाळाला तिनेही चारच सांगितलं. यंत्र हनुवटीवर आलं तशी मात्र ती खुर्चीतल्या खुर्चीत दचकली.

“काढा, काढा. जळतंय मला.”

“जळतंय? अगं, गार आहे ते.”

“गारच जळतंय. कसं सांगू तुम्हाला?”

इंजिनिअर मुलीने सुस्कारा टाकला. “काकूंनाही तेच सेटिंग होतं. त्यांना काही झालं नाही.”

काकूंनी डोळे उघडले नाहीत.

कंपनी छोटी होती. चेहऱ्याची निगा राखणारी उपकरणं बनवायची. डागांवर, पुरळावर, सुरकुत्यांवर ज्या जेलचा खरोखर गुण येतो, ती जेल त्वचेला झोंबतात. म्हणून हे यंत्र एकीकडे त्वचा गार करायचं आणि त्याच वेळी जेल आत मुरवायचं. हातात मावेल एवढं, खाली धातूचा गुळगुळीत तळवा. दिसायला लहान इस्त्रीसारखं, त्यामुळे सगळे त्याला बर्फाची इस्त्री म्हणत. तळवा किती थंड झाला हे मोजणारी साधनं होती. पण माणसाला ते किती गार लागतं आणि किती झोंबतं, हे दहापैकी आकड्यात सांगायला माणूसच लागायचा. त्यासाठी चाचणीच्या खोलीत बसणाऱ्या बायकांना कारखान्यात ‘चेहरेवाल्या’ म्हणत. काकू त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या.

आल्या तेव्हा त्या पॅकिंगला होत्या. खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या. एकदा एक चेहरेवाली आली नाही म्हणून वेळ मारून न्यायला त्यांना खुर्चीत बसवलं. आज सांगितलेला आकडा त्यांनी दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा सांगितला, आठवड्याने परत तोच. विभागप्रमुखांना कोण आनंद झाला. हे गृहस्थ प्रत्येक वाक्य “पॉइंट असा आहे की” अशा शब्दांनी सुरू करत, म्हणून त्यांचं नाव पॉइंटसाहेब पडलं होतं. “पॉइंट असा आहे की,” ते म्हणाले होते, “बाकीच्यांचा मूड असतो. काकूंची त्वचा आहे.” तेव्हापासून पॅकिंग सुटलं ते सुटलंच.

काकूंना त्या खुर्चीचं काय वाटायचं, ते त्यांनी कधी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. घरात त्या थोरली सून होत्या. दिरांची लग्नं, नणंदेची बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण, मग मुलाचं शिक्षण आणि त्याचं लांब निघून जाणं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. कामाचं कौतुक झालं होतं, नाही असं नाही. पण कुणीतरी समोर बसून, चेहऱ्यावर वाकून, “तुम्हाला काय वाटतंय?” असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, हे त्यांना या खोलीतच पहिल्यांदा भेटलं. उत्तर ऐकून कुणी “त्यात काय एवढं” म्हणत नव्हतं. चार म्हटलं की चार.

आणि मग अक्कलदाढ दुखायला लागली. खालची, डावीकडची, आडवी वाढलेली. दातांच्या डॉक्टरने ती तुकडे करून काढली. भुलीचं इंजेक्शन संध्याकाळी उतरायला हवं होतं, ते उतरलंच नाही. ओठाची आणि हनुवटीची डावी बाजू लाकडासारखी राहिली. डॉक्टर म्हणाला, “नस दुखावली आहे. हळूहळू येईल. कधीकधी नाहीही येत.” एवढं बोलून त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

ही गोष्ट काकूंनी कारखान्यात सांगितली नाही. येईल चार दिवसांत, असं म्हणत त्यांनी वेळ काढला. जुन्या यंत्रात एक बारीक पंखा होता; गारवा वाढवला की त्याचा सूर चढायचा. इतक्या वर्षांनी तो सूर त्यांच्या कानात बसला होता. त्या सुरावरून आकडा सांगायच्या आणि आकडा बरोबर यायचा. आपण कुणाला फसवतोय असं त्यांना तेव्हा वाटलंही नाही. चुकत तर काहीच नव्हतं.

नवं मॉडेल आलं आणि पंखाच गेला. यंत्र मुक्याने काम करू लागलं. मग काकूंनी कपाळाचा आकडा हनुवटीला द्यायला सुरुवात केली.

*

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी तोंड धुतलं, स्वयंपाक केला आणि पानं घेतली. नवरा किल्ल्या बनवायचा. बाजाराच्या तोंडाशी त्याची टपरी होती. आयुष्यभर बारीक दात पाहून पाहून त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. जेवता जेवता तो थांबला.

“हे काय झालंय?”

“काय?”

“हनुवटीला. भाजलं का कुठं?”

काकू उठून आरशापाशी गेल्या. हनुवटीच्या डाव्या कडेला नखाएवढा फोड आला होता. भोवतीची त्वचा गडद लाल. त्यांनी बोट लावलं. बोटाला फोड लागला, फोडाला बोट लागलं नाही.

“भाजलं नाही,” त्या म्हणाल्या. “गार लागलं.”

“गारानं फोड येतो?”

“फार गार असलं तर येतो.”

“मग तुला कळलं नाही?”

काकू पुन्हा पानावर येऊन बसल्या. दाढेनंतर थोडं बधिर आहे, एवढंच त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं. थोडं म्हणजे किती, ते त्यानेही विचारलं नव्हतं.

“अहो, ती शेजारची पोरगी म्हणत होती जळतंय म्हणून,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, चार.”

नवऱ्याला चाराचा अर्थ कळला नाही. पण बायकोचा आवाज कळला.

“मग उद्या सांगून टाक.”

“सांगितलं तर बसवणार नाहीत मला.”

“नाही बसवलं तर नाही बसवलं.”

“तुम्हाला काय जातंय बोलायला.”

 तो उठला, कपाटातून मलमाची ट्यूब शोधून आणली आणि पानाशेजारी ठेवली. काकूंनी ती तशीच राहू दिली. जेवण गार होऊन गेलं.

*

सकाळी चाचणीच्या खोलीत पॉइंटसाहेब स्वतः आले होते. इंजिनिअर मुलगी भिंतीला टेकून उभी होती. नवी खुर्चीत बसली होती, पण डोक्याला पट्टी बांधलेली नव्हती. तिच्या हनुवटीवर लाल चट्टा होता. फोड नव्हता; तिने वेळेवर काढायला लावलं होतं.

“पॉइंट असा आहे की,” साहेब तिला समजुतीने सांगत होते, “तुझी चूक आहे असं कुणी म्हणत नाही. काहींची त्वचा नाजूक असते. चाचणीला ती चालत नाही, एवढंच. तुला पॅकिंगला घेऊ. तिथंही माणसं हवीच आहेत.”

“मला खरंच जळत होतं.”

“असेल ना. पण काकूंना बघ. तेच यंत्र, तेच सेटिंग. त्यांना चार.”

 नवीने मांडीवरच्या टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. काकू दाराशीच उभ्या होत्या. घरून निघताना हनुवटीवर त्यांनी पावडर लावली होती. ती लावताना मनाशी ठरवलं होतं की आजचा दिवस जाऊ द्यावा, आज नुसतं बघावं. पर्समधला रुमाल काढून त्यांनी हनुवटी पुसली.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “हे बघा.”

इंजिनिअर मुलगी पुढे आली. फोड पाहून तिने ओठ दाताखाली धरला.

“काकू, हे कालचं? मग काल बोलला का नाहीत?”

“मला तिथं काही कळत नाही, बाळा.”

“कुठं?”

“हनुवटीला. या बाजूला. दाढ काढली तेव्हापासून.”

“पण दाढ काढून तर कितीतरी दिवस...” मुलगी थांबली. “मग एवढे दिवस आकडे कसे देत होता?”

“आधी पंख्याच्या आवाजावरून. आता अंदाजाने. कपाळाला जो येईल तो.”

 पॉइंटसाहेबांनी चष्मा काढला, काचा पुसल्या, परत घातला. “पॉइंट असा आहे...” ते म्हणाले आणि त्यांना पुढचं वाक्य सापडलं नाही.

इंजिनिअर मुलीला मात्र सापडलं.  “काकू, दुसऱ्या कुणाचा आकडा वेगळा आला की मी तुमचा धरायचे. तुमचा. हे यंत्र पुढच्या महिन्यात दुकानात जाणार होतं. लोक घरी बसून तोंडाला लावणार होते.”

“हो.”

“हो काय? तुम्ही एकदा म्हणायचं तरी होतं.”

काकूंकडे याचं उत्तर होतं. पण ते या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं. “चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी चाचणी झाली नाही. यंत्र उघडण्यात आलं, बंद करण्यात आलं, वेगवेगळ्या कोनांत धरून पाहण्यात आलं. दुपारपर्यंत इंजिनिअर मुलीला कारण सापडलं. कपाळ सपाट असतं. हनुवटीच्या वळणावर जेल बाजूला सरकायचं आणि थंड धातू उघड्या कातडीला थेट टेकायचा. तळव्याचा आकार बदलावा लागणार होता. जुन्या मॉडेलचे काकूंचे हनुवटीचे आकडेही बाद झाले. ते सगळं दुसऱ्या कुणावर तरी पुन्हा करायचं होतं. यंत्राची तारीख लांबली. साहेब दिवसभर फोनवर होते.

चहाच्या वेळी काकू एकट्याच बाकावर बसल्या होत्या. एरवी त्यांच्याभोवती पॅकिंगच्या बायकांचा गराडा असायचा. आज बातमी आधीच पोचली होती आणि काय बोलावं हे कुणाला सुचत नव्हतं. नवी आपला कप घेऊन आली आणि शेजारी बसली. तिने चहावर फुंकर घातली.

“मला वाटायला लागलं होतं,” ती म्हणाली, “की मीच नाटकी आहे. काल घरीसुद्धा तसंच म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

“सगळेच. म्हणे, बाकीच्यांना होत नाही ते तुलाच कसं होतं.”

काकूंनी मान हलवली. “आता तुलाच बसवतील,” त्या म्हणाल्या. “आकडा सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. त्यांना कोणता हवाय ते दिसतं मग.”

“तुम्ही रागावला नाहीत ना माझ्यावर?”

“वेडी आहेस का,” काकू म्हणाल्या. “चहा पी.”

*

पाच वाजता साहेबांनी बोलावलं. बसा म्हणाले. उद्यापासून पॅकिंगला यावं लागेल, हे सांगायला त्यांनी बरीच वाक्यं घेतली. काकूंनी ती सगळी ऐकून घेतली आणि “बरं” म्हणाल्या. आपली डोक्याची पट्टी घ्यायला त्या चाचणीच्या खोलीत गेल्या, तर इंजिनिअर मुलगी अजून तिथेच होती. डोळे लाल दिसत होते. रडली होती की दिवसभर यंत्रात डोकं घातल्यामुळे, कळायला मार्ग नव्हता.

“काकू, थोडं बसता? शेवटचं.”

“काय करायचंय?”

“तुम्हाला कळत नाही ती जागा नेमकी केवढी आहे, ते मला हवंय. कपाळाचे, गालाचे आकडे तरी ठेवता येतात का बघते.”

काकू खुर्चीत बसल्या. केस त्यांनी स्वतःच पट्टीत बांधले. मुलीने कापसाची बारीक वात वळली, दुसऱ्या हातात भुवयांची पेन्सिल घेतली आणि स्टूल ओढून समोर बसली. सकाळचा राग तिच्या चेहऱ्यावर अजून होता, पण हात नेहमीसारखाच हलका होता.

“डोळे मिटा. काय वाटतंय ते सांगा. काही नाही वाटलं तर नाही म्हणा.”

“तू टेकवलंस हे मला कसं कळणार?”

“मी विचारीन.”

काकूंनी डोळे मिटले. कानाजवळ कापूस आला.

“इथे?”

“आहे.”

“इथे?”

“आहे. गुदगुल्या होतायत.”

कापूस जबड्याच्या कडेने खाली आला. “इथे?”

काकू थांबल्या. बाहेर कुणीतरी शटर ओढत होतं. त्यांनी त्या आवाजाकडे लक्ष दिलं नाही. मुलीच्या श्वासावरून, बाहीच्या हालचालीवरून अंदाज बांधायची सवय लागली होती. तीही त्यांनी बाजूला सारली. नुसत्या त्या जागेवर लक्ष लावून बसल्या.

“नाही.”

पेन्सिलीचं टोक टेकलं असावं.

“इथे?”

“नाही.”

“इथे?”

“नाही.”

“इथे?”

“नाही... थांब. परत कर.” मुलीने परत केलं. “अगदी पुसट. लांबून कुणी हाक मारल्यासारखं.”

“म्हणजे आहे लिहू?”

काकूंनी पुन्हा विचार केला.

“नको,” त्या म्हणाल्या. “नाहीच लिही.”

हनुवटीला वळसा घालून, ओठाच्या मधोमध येईपर्यंत हे असंच चाललं. मुलीने घाई केली नाही. सगळे ठिपके जोडून तिने रेघ पुरी केली आणि फोटो काढला. काकूंनी आरशात पाहिलं. हातावरच्या घड्याळाच्या तबकडीपेक्षा मोठी नव्हती ती जागा. त्यांना ती फार मोठी असेल असं वाटलं होतं.

मुलीने ओला कापूस पुढे केला. “पुसून देते.”

“राहू दे. घरी दाखवायचंय,” काकू म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्या. टॉवेलची घडी करून त्यांनी तो हातावर ठेवला. “उद्या तिला जरा उंच उशी दे. तिची मान लहान आहे.”

फाटकाशी वॉचमन रोजच्यासारखा पाळी संपलेल्या माणसांच्या पिशव्या बघत होता. त्याने काकूंची पर्स पाहिली न पाहिल्यासारखी केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघून थबकला.

“काकू, हनुवटीला काहीतरी लागलंय तुमच्या.”

“माहीत आहे,” काकू म्हणाल्या, आणि हनुवटी तशीच उघडी ठेवून बसस्टॉपवरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.