मनगटावरचा घाव

"डोळे मिटू नकोस. काठी तुझ्याच हातात आहे, तुला कोण मारतंय?" सिर्याको न्हावी म्हणाला.

नीलाने डोळे उघडले. वेताची काठी कानाजवळून सूं करून गेली की ते आपोआप मिटत. फिरवणारीही तीच आणि घाबरणारीही तीच. सिर्याकोच्या दुकानामागे केळीच्या आडोशाला ती रोज दुपारी यायची, कारण गल्लीत फिरवली असती तर बघणारे हसून लोळले असते.

नीला जन्माची भित्री. कुत्रं दिसलं की वाट बदलणारी. नवरा गेल्यावर तिने लोकांची धुणी धुऊन दिवस काढले. मग वस्तीच्या कचेरीला रखवालीसाठी एक बाई हवी झाली, घराघरांतली भांडणं सोडवायला. तांदूळ मिळणार होता म्हणून नीलाने नाव दिलं. शिट्टीबरोबर काठीही हातात येईल, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

काठीची जुनी विद्या जाणणाऱ्या सिर्याकोने तिला एकच गोष्ट शिकवली. मनगट ढिलं सोडायचं, काठी डोक्याभोवती फिरवायची आणि फिरता फिरता समोरच्याच्या हातावर आणायची. डोक्यावर नाही, छातीवर नाही.

"हातावर बसली की कोयता आपोआप पडतो," तो म्हणायचा. "माणूस जगतो, घरी जाऊन जेवतो. आपले म्हातारे याला दया म्हणायचे."

त्याने फणसाच्या खोडाला एक चिंधी बांधून दिली होती. नीला दिवसचे दिवस त्या चिंधीवर मारत राहिली. हळूहळू मनगट न सांगता वळायला लागलं. भीती मात्र जागची हलली नाही. गरज पडू नये एवढंच ती चर्चमध्ये मागायची.

गरज पडली ती संताच्या जत्रेच्या दिवशी. बाकीचे रखवालदार मिरवणुकीबरोबर गेले होते आणि कचेरीत नीला एकटी होती. शेजारची बाई धापा टाकत आली. आर्तेम्यो माडी पिऊन आलाय, कोयत्याने घराचं दार तोडतोय आणि आत लुडिंग पोरीला घेऊन बसलीय, असं तिने सांगितलं.

आर्तेम्यो गिटारी बनवायचा. त्या गल्लीत सगळेच बनवायचे, पण त्याच्या गिटारी थेट मनिलाला जात. शुद्धीत असला की तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. प्यायला की त्याला बायकोचा संशय यायचा.

नीलाने शिट्टी वाजवली, पण मिरवणुकीच्या ढोलांपुढे ती कुणाला ऐकू जाणार? ती निघाली. आपण उलट दिशेला पळत का नाही, याचं तिला वाटभर नवल वाटत होतं.

"आर्तेम्यो, कोयता खाली ठेव बाबा," ती अंगणातून म्हणाली.

तो वळला आणि चक्क हसला. "नांग नीला? अगं, तू तर माझ्या कुत्र्याला भितेस."

थोरली म्हणून सगळी वस्ती तिला नांग म्हणायची. दारूतही त्याने तेवढा मान सोडला नव्हता. नीलाने काठी फिरवायला सुरुवात केली. बघून घाबरेल आणि जाईल, एवढीच तिची आशा. काठी सूं सूं करत राहिली.

"छान फिरवतेस की," असं म्हणून तो पुन्हा दाराकडे वळला.

दाराची फळी फुटली होती. लुडिंगने ती आतून धरून ठेवली होती आणि तिची बोटं फटीतून बाहेर दिसत होती. कोयता वर गेला.

तो गिटारी घडवणारा हात आहे हे नीलाला ठाऊक होतं. पाठीवर मारावं, खांद्यावर मारावं, असं मनात येऊनही गेलं. पण तिच्या मनगटाला दुसरी वाट माहीत नव्हती. काठी बसली. त्याच्या मनगटात काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि कोयता पायरीवर पडला.

लुडिंग बाहेर आली. तिने कोयत्याकडे पाहिलं, मग हात पोटाशी धरून खाली बसलेल्या नवऱ्याकडे.

"हातावर मारलंस?" ती म्हणाली. "डोकं फोडायचं होतंस नांग. हातावर कशाला?"

वस्तीत नीलाचं नाव झालं. वस्तीच्या प्रमुखाने सभेत तिचं कौतुक केलं. सिर्याको दाढीला बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हकीकत ऐकवायचा. तिचं चुकलं असं कुणीच म्हणेना, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. आर्तेम्योचं हाड जुळलं, पण अंगठ्याशेजारची दोन बोटं मिटेनात. त्याने दारू सोडली. आता तो उंबऱ्यावर बसून दुसऱ्यांची कामं बघायचा आणि लुडिंग लोकांच्या गिटारी घासून द्यायची. नीला धुणं घेऊन लांबच्या वाटेने जाऊ लागली. त्याच्या नजरेची तिला भीती वाटायची. त्याहून जास्त भीती वाटायची स्वतःच्या उजव्या हाताची. कपडे पिळताना मनगट आपोआप वळलं की ती पिळा खाली ठेवून नुसती बसून राहायची.

एक दिवस सकाळीच दोघं तिच्या दारात आले. पुढे लुडिंग, मागे आर्तेम्यो. आता हे जाब विचारणार, असं नीलाला वाटलं.

"हाडं बसवणारी म्हातारी म्हणते, काठी फिरवली तर बोटं सुटतील," लुडिंग जमिनीकडे बघत म्हणाली. "सिर्याकोकडे जायला याला लाज वाटते. तू शिकव."

नीलाला नाही म्हणायचं होतं. कोयत्यापुढे उभं राहतानाही ती एवढी भ्यायली नव्हती. पण ती आत गेली आणि काठी घेऊन आली. काठी बघताच आर्तेम्योने हात मागे घेतला. मग परत पुढे केला. नीलाने काठी त्याच्या तळव्यावर ठेवली आणि एकेक बोट धरून तिच्याभोवती मिटवलं. दोन बोटं उभीच राहिली. तिने त्यांच्यावर आपला तळवा दाबून धरला.

"मनगट ढिलं सोड," ती म्हणाली.

"सोडलंय नांग."

ते सोडलेलं नव्हतं. तिचंही नव्हतं.