एकशे एक्केचाळीस चेंडू

पर्डी क्रीकच्या सरकारी कॉलेजाने व्हर्ना टिलरीला बोलावलं, तेव्हा तिने अहवालात काय लिहायचं हे त्यांचं आधीच ठरलं होतं. फक्त तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

व्हर्ना एकसष्ट वर्षांची. तीस वर्षं तिने मुलींना सॉफ्टबॉल शिकवला होता. गुडघे बोलायला लागल्यावर तिने मैदान सोडलं आणि वेगळंच काम धरलं. एखाद्या कॉलेजाचा संघ घसरला की ते तिला बोलवत. ती तीन-चार आठवडे तिथे मुक्काम ठोकी, कोच कसे शिकवतात, मुलं कुठून हेरतात आणि कशी निवडून आणतात ते बघे, आणि मग अहवाल देई. अख्ख्या दक्षिण अलाबामात तिच्या शब्दाला वजन होतं.

पर्डी क्रीकचा बेसबॉल संघ त्या वर्षी सपाटून मार खात होता. मुख्य कोच डब हॉलकम सव्वीस वर्षं तिथे ठाण मांडून होता. मैदानाच्या फाटकावर त्याचंच नाव होतं. मुलं निवडून आणायचं काम मात्र चार वर्षांपासून एलिसेओ बार्रेरा या सहायक कोचकडे होतं. न्यू मेक्सिकोहून आलेला, छत्तिशीचा, मोजकं बोलणारा माणूस.

"दुखणं भरतीत आहे," क्रीडा संचालक ग्रँट लिप्सकम पहिल्याच दिवशी म्हणाला. तिच्यासमोर त्याने बर्फ घातलेल्या गोड चहाचा ग्लास ठेवला. "एलिसेओ मेहनती आहे हो, नाही म्हणत नाही मी. पण मुलं आणतो ती मेणाची. दोन वर्षांत चेंडू टाकणारे दोन पिचर कोपरं धरून बसले. ऑपरेशनं करावी लागली. त्यात डब बिचारा काय करणार?"

"बघते," व्हर्ना म्हणाली.

तिने बघायला सुरुवात केली. सकाळचा सराव, दुपारचा सराव, घरचे सामने. डब हॉलकमला ती जुनी ओळखत होती. भरदार आवाजाचा, हसवणारा माणूस. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. बॅट कशी धरायची हे तो एखाद्याला असं समजावून देई की व्हर्नालाही वहीत लिहून घ्यावंसं वाटे. तसं तिने लिहूनही घेतलं.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी टॅव्हिस ओडम चेंडू टाकायला उभा राहिला. एकोणीस वर्षांचा डावखुरा मुलगा, सगळ्या संघात त्याच्याइतका जोरात चेंडू टाकणारा कुणी नव्हता. सहाव्या डावापर्यंत त्याने समोरच्यांना नाचवलं. सातव्यात त्याचे चेंडू उंच जाऊ लागले. आठव्यात दर चेंडूनंतर तो डावा हात झटकू लागला, ओली बोटं झटकावीत तसा.

खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला बार्रेरा पेन्सिल घेऊन प्रत्येक चेंडूची नोंद करत होता. तो उठला, हॉलकमच्या कानाशी काहीतरी बोलला. हॉलकमने मानही वळवली नाही. बार्रेरा परत जागेवर येऊन बसला आणि पुन्हा लिहू लागला.

व्हर्नाही आपल्या वहीत रेघा मारत होती. सामना संपला तेव्हा तिच्या एकशे एक्केचाळीस रेघा झाल्या होत्या. त्या वयाच्या मुलाने एका सामन्यात शंभरच्या आसपास थांबावं, हे तिला माहीत होतं. तिथल्या प्रत्येक कोचला माहीत होतं. पण ती पाहुणी होती. मध्ये बोलायचं नाही, फक्त बघायचं, हा तिचाच नियम.

रविवारी शेवटच्या डावात हॉलकमने टॅव्हिसला पुन्हा बोलावलं. एकच दिवस मध्ये गेला होता. बाविसाव्या चेंडूला टॅव्हिस ओरडला नाही. त्याच्या हातून चेंडू सुटला तो पार प्रेक्षकांपुढच्या जाळीवर जाऊन आदळला, आणि तो कोपर पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला. स्टँडमधून एक बाई धावत खाली आली. रोझेटा ओडम, त्याची आई, गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. तिला जाळीपाशीच अडवलं.

व्हर्ना वही मिटून बसून राहिली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. तिसरं कोपर तिच्या डोळ्यांसमोर गेलं होतं, आणि तिने काय केलं होतं तर रेघा मारल्या होत्या.

सोमवारी ती बार्रेराच्या खोलीत गेली. खोली कसली, गणवेश ठेवायच्या कपाटांमागची जागा.

"चार वर्षांचे सगळे कागद दाखवा मला," ती म्हणाली. "तुम्ही आणलेला प्रत्येक मुलगा, आणि त्याने टाकलेला प्रत्येक चेंडू."

बार्रेराने खोकी काढून दिली. दोन दिवस ती त्या खोक्यांत डोकं घालून बसली. चार वर्षांत बार्रेराने अकरा पिचर आणले होते. कुणी मिसिसिपीच्या खेड्यातला, कुणी टेक्ससच्या सीमेवरचा. मोठ्या कॉलेजांनी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं अशी पोरं, आणि त्यातली नऊ अस्सल होती. आली तेव्हा ताशी अठ्ठ्याऐंशी, नव्वद मैलांनी चेंडू टाकत होती. वर्षभराने तीच पोरं चौऱ्याऐंशीवर. दर सामन्याच्या कागदावर चेंडूंची बेरीज होती: एकशे अठ्ठावीस, एकशे बत्तीस, एकशे सदतीस. आणि दर कागदाच्या तळाशी हॉलकमची झोकदार सही. कागद नीट वाचल्याशिवाय सही करत नाही, अशी तो स्वतःच बढाई मारायचा.

"मुलं चांगलीच आली होती," व्हर्ना म्हणाली. "बिघडली ती इथे."

बार्रेरा खाली बघून पेन्सिलीला टोक करत राहिला.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कोचना सांगितलं. दरवेळी."

"आणि त्यांच्या वर?"

"मॅडम, मला इथे आणलं त्यांनी. माझ्या बायकोच्या आजारपणात रोज डबा यायचा त्यांच्या घरून. त्यांची चुगली कशी करू मी?"

"मग मला हेही लिहावं लागेल," व्हर्ना म्हणाली. "की तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात."

त्याचा चेहरा उतरला. "तुम्हीही तिथेच होतात ना शुक्रवारी?" तो हळूच म्हणाला.

"होते. माझ्याबद्दलही लिहिणार आहे."

आणि तिने लिहिलं. अहवाल लिप्सकमच्या हातात पडला तेव्हा तो आधी भराभर वाचत गेला, मग त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"व्हर्ना, आम्ही तुम्हाला भरती तपासायला बोलावलं होतं."

"तपासली. तुमच्या अख्ख्या कॉलेजात धड चालणारी तेवढीच एक गोष्ट आहे."

"डबचं नाव आहे हो फाटकावर. गावात निम्म्या लोकांना त्याने शिकवलंय. विश्वस्तांमधले तिघे त्याच्याच हाताखाली खेळलेत." त्याने दोन पानं तिच्यापुढे सरकवली. "मी गोषवारा काढून ठेवलाय. मंगळवारी विश्वस्तांपुढे एवढंच वाचा. बाकीचं कपाटात राहील, कुणी फाडून टाकत नाहीये."

तिने पानं वाचली. भरतीचं धोरण बदलावं, शरीराने कणखर मुलं निवडावीत, सहायक कोचचा फेरविचार व्हावा. तिच्या अहवालातला एक शब्द त्यात नव्हता. खाली नाव मात्र तिचं होतं.

"हे कुणी लिहिलं?"

"भाषा थोडी सौम्य केलीय, एवढंच."

"ग्रँट," ती उठत म्हणाली, "माझ्या नावाखाली मी लिहिलेलंच राहील. तुम्हाला हे वाचायचं असेल तर तुमच्या नावाने वाचा."

"पुन्हा या राज्यात कुणी बोलावणार नाही तुम्हाला."

"नका बोलावू."

मंगळवारची बैठक सगळ्यांना खुली होती. एरवी अशा बैठकीला माशी फिरकत नसे, पण त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. हॉलकम पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. बार्रेरा दाराशी उभा. मागच्या रांगेत रोझेटा ओडम, शेजारी टॅव्हिस, त्याचा हात गळ्यातल्या झोळीत. व्हर्नाचं नाव पुकारलं तेव्हा ती आपला अहवाल घेऊन माइकपुढे गेली आणि लिप्सकमची दोन पानं तिने त्याच्यासमोर पालथी ठेवली.

ती तारखा वाचू लागली. तारीख, मुलाचं नाव, चेंडू. तारीख, मुलाचं नाव, चेंडू. दुसरं काहीच नाही. दहाव्या नोंदीशी कुणीतरी खाकरलं. सोळाव्याशी अध्यक्ष मध्ये पडले.

"श्रीमती टिलरी, तुमची वेळ संपली."

"अजून चौदा नोंदी आहेत."

"वेळ संपली, बाई. बसा."

त्यांनी खूण केली आणि माइक बंद झाला.  व्हर्नाने बाजूला सरकून आवाज चढवला. तीस वर्षं मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचवलेला आवाज तो, खोलीत तर तो भिंतींवरच आदळला.

"टॅव्हिस ओडम! शुक्रवार, एकशे एक्केचाळीस! रविवार, बावीस! बाविसाव्याला कोपर गेलं! तेव्हा मी तिथे बसले होते आणि गप्प राहिले! आता राहणार नाही!"

"बाहेर न्या यांना," अध्यक्ष म्हणाले.

सुरक्षारक्षक पुढे आला, पण तिच्या अंगाला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही. उरलेल्या नोंदी तिने दाराकडे चालता चालता वाचल्या. दाराशी आली तेव्हा रोझेटा ओडम उभी राहून म्हणाली, "माझ्या मुलाचं पुन्हा एकदा वाचा, बाई. काहींना ऐकू आलं नसेल." व्हर्नाने पुन्हा वाचलं.

बाहेर गाड्यांपाशी हॉलकमने तिला गाठलं. चेहरा लालबुंद.

"मला कसाई करून टाकलंस तू गावापुढे!"

"मी आकडे वाचले, डब. सह्या तुझ्या आहेत."

"मीही असाच टाकायचो! दीडदीडशे! आमच्या वेळेला कुणी मोजत नव्हतं. मेलो का मी?"

"वर कर हात."

"काय?"

"उजवा हात. डोक्याच्या वर कर."

त्याने हात उचलला नाही. तो खांद्याच्या वर जात नाही, हे तिने महिनाभर पाहिलं होतं. टोपी तो डाव्या हाताने काढायचा.

"वरच्या फळीवरचा डबा कोण काढून देतं तुला घरी?" तिने विचारलं, आता जरा हळू.

"त्याचा इथे काय संबंध?" तो गुरगुरला. पण आवाजातला जोर गेला होता. "पुढल्या वर्षी माझ्या मैदानात पाऊल टाकू नकोस."

"तिकीट काढून येईन. बघू कोण अडवतं."

जुलैत बार्रेराला नारळ मिळाला. हॉलकम राहिला. अहवाल लिप्सकमच्या कपाटात गेला. व्हर्नाकडे त्या उन्हाळ्यात एकाही कॉलेजाचा फोन आला नाही. बार्रेराने बायकामुलांसकट न्यू मेक्सिकोची वाट धरली. जाताना तो व्हर्नाचा निरोप घ्यायला आला. "तुमच्यावर रागावलो होतो मी," तो म्हणाला. "अजून थोडा आहे." तिने त्याला आत बोलावून मासे तळून घातले.

फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला. पहिल्या शुक्रवारी व्हर्नाने तिकीट काढलं, कागदाच्या पुड्यात उकडलेले शेंगदाणे घेतले आणि जाळीच्या बरोबर मागे जाऊन बसली. त्या दिवशी नेट पेटीग्रू टाकत होता, बार्रेराने आणलेला शेवटचा मुलगा. सातव्या डावात त्याचा शंभरावा चेंडू झाला आणि व्हर्ना उठून उभी राहिली. नुसती उभी.

"बाई, खाली बसा की, दिसत नाहीये," मागचा माणूस वैतागला.

"शंभर झाले," ती मागे न बघता म्हणाली. "तो थांबला की बसते."

रक्षक आला. तोच, बैठकीतला. "मॅडम, जरा बसता का?"

"तिकिटावर बसूनच बघायचं असं लिहिलंय का?"

त्याने खरंच तिकीट उलटून पाहिलं आणि निघून गेला. नेटने त्या दिवशी एकशे अठरा टाकले. अठरा चेंडू ती एकटी उभी होती, आणि गुडघे इतके ठणकत होते की शेवटी तिने जाळी धरली.

पुढच्या शुक्रवारी रोझेटा आणि टॅव्हिस तिच्या शेजारी येऊन बसले. शंभराव्याला तिघं उठली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी आईबाप आले, काही माजी खेळाडू आले, हॉलकमच्याच हाताखाली खेळलेले. नव्वदपासून त्यांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. शंभर म्हणताच चाळीसएक माणसं उभी होती. बाकीचे शिव्या घालत होते. कुणी शेंगदाण्याची टरफलं फेकली, ती व्हर्नाच्या केसांत अडकली.

आठवा डाव सुरू झाला तेव्हा हॉलकम मैदानात आला. नेट एकशे चारवर होता. हॉलकमने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि परत फिरला, म्हणजे अजून टाक. नेटने स्टँडकडे पाहिलं. मग तो धावत कोचच्या मागे गेला आणि चेंडू त्याच्या हातात ठेवला.

"नाही, सर," तो म्हणाला. सगळं इतकं गप्प झालं होतं की जाळीमागेही ऐकू आलं. "आज एवढंच."

सत्तावीस वर्षांत हॉलकमला असं कुणी म्हटलं नव्हतं. तो चेंडूकडे बघत उभा राहिला. पंचांनी दोनदा हाक मारली. मग डाव्या हाताने टोपी काढून त्याने कपाळ पुसलं आणि दुसऱ्या मुलाला बोलावलं.

पर्डी क्रीक तो सामना दोन धावांनी हरलं, आणि गावात चार दिवस व्हर्नाचा उद्धार चालला होता. पेट्रोल भरताना एकाने तिच्या तोंडावर सांगितलं, "तुमच्यामुळे हरलो."

"हो," ती म्हणाली, "माझ्यामुळेच."

उन्हाळ्यात कॉलेजाने फतवा काढला: एका सामन्यात शंभरच्या वर चेंडू नाहीत, आणि मध्ये चार दिवसांची विश्रांती. अहवालाचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. व्हर्नाने ते पत्रक बार्रेराला पाठवलं. रात्री त्याचा फोन आला.

"तुमचं नाव घातलं नाही त्यांनी," तो म्हणाला.

"तुमचंही नाही घातलं."

"राग नाही येत?"

"येतो तर! उद्या लिप्सकमच्या ऑफिसात जाऊन सांगणार आहे. माझा अहवाल कपाटातून काढा आणि वाचनालयात ठेवा म्हणावं. सरकारी कॉलेज आहे, सगळ्यांना वाचता आला पाहिजे."

"देतील?"

"नाही दिला तर परवा परत जाईन," व्हर्ना म्हणाली, आणि त्याच्या नव्या कॉलेजात पोरं किती चेंडू टाकतात ते विचारू लागली.