वाऱ्याची दिशा

खुर्चीवर उभं राहून मनोहररावांनी एसीच्या जाळीला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवली. पट्टी फडफडली आणि सरळ खाली वळली.

"बाबा, आधी खाली उतरा," उत्कर्षा दबक्या आवाजात म्हणाली. "काम माझं आहे."

बिशान भागातल्या वृद्धांच्या या डे-केअर सेंटरचे जुने एसी बदलायचे होते. नवी यंत्रणा कोणती घ्यायची, हे कंपनीने पहिल्यांदाच तिच्या एकटीवर सोपवलं होतं. आई गेल्यावर तिने बाबांना रत्नागिरीहून इकडे परदेशात आपल्याकडे आणलं. जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून जगभर हिंडलेला माणूस, पण आठ महिने फ्लॅटमधला सोफा सोडत नव्हता. आज हॉल मोजताना टेपचं दुसरं टोक धरायला म्हणून तिने त्यांना ओढूनच आणलं होतं.

"अख्ख्या हॉलला एकच मोठं मशीन लावावं म्हणतेय," ती म्हणाली.

"इथे बसणाऱ्यांना विचारलंस?"

पट्टीच्या बरोबर खाली मिसेस लिम स्वेटरवर शाल गुंडाळून मणी ओवत बसल्या होत्या.

"टू कोल्ड, लाह!" इथल्या बोलीतला 'लाह' जोडत त्या हसल्या.

पलीकडच्या टेबलावरचे आजोबा मात्र रुमालाने मान पुसत होते.

मनोहररावांनी खिशातलं पेन काढलं. कोण कुठे बसतं, कोणाचे गुडघे गारठ्याने धरतात, विचारत ते टेबलाटेबलांपाशी फिरले. कोणीतरी त्यांच्या हातात कॉफी दिली. मग ते तिथेच बसले. उत्कर्षाने टेपचं दुसरं टोक टेबलाच्या पायाखाली दाबलं आणि एकटीने हॉल मोजला.

आठवड्याने तिने नवा आराखडा मांडला: तीन लहान एसी, प्रत्येकाचं बटण वेगळं, आणि मधे छताला संथ फिरणारा मोठा पंखा. सोबत बाबांनी काढलेला खुर्च्यांचा नकाशा, प्रत्येक खुर्चीवर नाव. सेंटरच्या प्रमुख मिस गोह तो बराच वेळ वाचत राहिल्या.

"हेच करू या," त्या म्हणाल्या. "फक्त यातला हा एक माणूस आमच्या रजिस्टरमध्ये नाही."

त्यांचं बोट खिडकीजवळच्या खुर्चीवर होतं. उत्कर्षाने वाकून नाव वाचलं. बाबांचंच होतं. तिला हसू आवरेना.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने नकाशा बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"खिडकीजवळच्या तिघांना पत्त्यांसाठी चौथा भिडू हवाय," ते म्हणाले. "आणि तो पंखा जरा पलीकडे घे. पत्ते उडतील."