अर्ध्या रानाचा बोका

मित्रांनो, मी एक बोका आहे. माझं नाव खाक्या. तेलगावच्या हबीब मिस्त्रींच्या शेडमध्ये, जिथं ते विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देतात, तिथं तांब्याच्या तारेच्या रिकाम्या खोक्यात माझा जन्म झाला. पण मला नुसतं घरचं मांजर समजू नका. माझं अर्धं रक्त उसाच्या फडातलं आहे.

माझी आई पांढरीशुभ्र आणि घरात लाडाची होती. घरामागचा बांध ओलांडला की ऊस सुरू होतो तो थेट ओढ्यापर्यंत. एका हिवाळ्यात ती त्या उसात गेली, काही दिवस दिसलीच नाही आणि परत आली ती मला पोटात घेऊन. माझ्या वडिलांना मी कधी पाहिलं नाही. शेजारच्या साखराबाईंनी मात्र पाहिलं होतं. त्या शेळ्या-कोंबड्या पाळतात. त्या मिस्त्रींच्या बायकोला, गौसियाबींना सांगायच्या, "भाभी, ह्याचा बाप रानबोका हाय. उंच टांगा, आखूड शेपूट, कानाला काळे शेंडे. माझी तलंग कोंबडी त्यानंच नेली."

माझी भावंडं आईवर गेली होती. मऊ, गुबगुबीत, हाक मारली की येणारी. त्यांना लोक आनंदानं घेऊन गेले. मला कोणी नेलं नाही. माझा रंग वाळलेल्या पाचटासारखा, पाय लांब, आणि कोणी हात पुढं केला की मी फिस्कारत माळ्यावर चढायचो. थोड्या दिवसांनी आईही आजारी पडून गेली. मग शेडमध्ये मी एकटाच राहिलो.

माझ्या अंगात स्वस्थपणा नव्हता. दुसरी मांजरं उन्हात पडून राहतात, तसं मला जमत नसे. दिवस कलला की माझे पाय आपोआप चालू लागत. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून माळ्यापर्यंत, पुन्हा दारापर्यंत. उसात सळसळ झाली की माझे कान तिकडं वळत. पलीकडं काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी मला बोलावतं आहे असं सारखं वाटे.

हे ओळखलं ते नाजियानं. मिस्त्रींची ही एकुलती एक मुलगी. ती कधी माझ्यामागं धावली नाही. शेडच्या उंबऱ्यात अभ्यासाला बसायची, माझ्याकडं तिरप्या नजरेनं बघायची आणि डोळे हळूच मिटून उघडायची. मांजरांच्या भाषेत त्याचा अर्थ 'माझी भीती नको' असा होतो. मी दूरवरून तसेच डोळे मिटायचो. पुढंपुढं मी तिच्या ओढणीशी येऊन बसू लागलो. ती हनुवटीखाली एक बोट फिरवायची. माझं शेपूट हललं की लगेच हात काढून घ्यायची. वरून पकडायची नाही, उचलायची नाही. तारेची वेटोळी कुरतडणारे उंदीर मी संपवले, तेव्हा मिस्त्रीसुद्धा म्हणाले, "कामाचा हाय हा." माझे ते दिवस चांगले गेले.

मग नाजियाचं लग्न ठरलं. सासर दिंद्रुडचं.

मित्रांनो, माणसांना लग्नघर आवडतं. मला ते घर ओळखूच येईना. दारात मांडव पडला. अनोळखी पायांचे, अत्तराचे, बिर्याणीचे वास सगळीकडं भरले. लेकरं मला शोधत माळ्यावर चढू लागली. माझी जागा माझी राहिली नाही. तेव्हा बोका जे करतो ते मी केलं. शेपूट ताठ उभं केलं आणि सासरी न्यायच्या नव्या रजयांवर धार मारली. 'ही जागा माझी आहे' हे सांगायला माझ्याकडं दुसरा शब्द नव्हता. गौसियाबींनी कपाळाला हात लावला. "नासवल्या की रे सगळ्या रजया! पाव्हण्यांना काय तोंड दाखवू?" त्यांनी केरसुणी फेकली. मी रजयांच्या गठ्ठ्यामागं दडलो आणि तिथंच बसून राहिलो.

नाजिया गेली. पाहुणे पांगले. मांडववाले लोखंडी खुर्च्या धडाधड मिटून टेम्पोत फेकत होते. प्रत्येक आवाजाला माझं काळीज उडत होतं. माझे कान डोक्याला चिकटले होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, शेपूट जमिनीवर आपटत होतं. त्याच वेळी गौसियाबी खोलीत आल्या. घर रिकामं झालं होतं. त्यांना कोणाला तरी जवळ घेऊन रडायचं होतं. त्या वाकल्या आणि दोन्ही हातांनी मला उचलून छातीशी घट्ट धरलं.

मी त्यांचं मनगट फोडलं.

दात खोल गेले. त्या किंचाळल्या. मिस्त्री धावत आले. त्यांनी आधी बायकोचा हात नळाखाली धरला, साबणानं धुतला, आणि तसंच मोटारसायकलवर बसवून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. परत आले ते लोखंडी जाळीचा पिंजरा काढायलाच. जाड गोधडी टाकून त्यांनी मला त्यात कोंबलं.

"आता हे जनावर घरात न्हाई," ते म्हणाले. "तुझी इंजेक्शनं हायेत तवर डॉक्टरनं ह्याच्यावर नजर ठेवा म्हणून सांगितलंय. ते झालं की वडवणीच्या पुढं डोंगरात सोडून येतो."

साखराबाईंनीही मान डोलवली. "रानाचं रानात गेलेलं बरं, भाभी. उद्या कुणाच्या लेकराला चावलं तर?"



पिंजऱ्यात मी वेडा झालो. चार पावलांत भिंत आणि वळलं की पुन्हा भिंत. जाळी ओरबाडून माझं एक नख उपटलं. समोर ठेवलेलं मटण मी हुंगलंही नाही. दिवसभर येरझाऱ्या घालायचो, आणि संध्याकाळी उसातून वारा आला की छातीतून असा आवाज काढायचो की साखराबाईंच्या शेळ्या बिथरायच्या.

एकदा दुपारी नाजियाचा फोन आला. गौसियाबींनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मीही ऐकलं.

"अम्मी, हात कसाय?"

"सूज उतरलीय. पण तुझा खाक्या खायना झालाय. नुसता फिरायलाय. मी जवळ गेले की अंगावर येतो."

"तू त्याच्याकडं टक लावून बघतीस का?"

"मग बघू न्हाई तर काय करू? खातोय का न्हाई ते बघायलाच जाते की."

"त्याला वाटतं तू भांडायला आलीस. अम्मी, बाजूला तोंड करून बस. काही बोलू नको. त्याचे कान बघ. आडवे पडले की तो भ्यालाय. शेपूट आपटलं की हात लांब ठेव. कान पुढं आले की मगच डोळे मिट, हळूच." मग ती म्हणाली, "त्याला डोंगरात नका सोडू. कशाला सोडायलेत अब्बा? त्याला शिकार कुणी शिकवलीय? घरातले उंदीर मारले म्हणून रान पेलंल का त्याला?"

गौसियाबींनी फोन ठेवला. सुपात तुरीच्या शेंगा घेतल्या आणि पिंजऱ्याकडं पाठ करून नाही, तोंड करूनही नाही, अशा तिरप्या बसल्या. शेंगा सोलत राहिल्या. मी फिरत राहिलो. त्या उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच येऊन बसल्या. त्यांच्या मनगटावरची पट्टी मला दिसत होती आणि तरी त्यांच्या घामाला भीतीचा वास नव्हता. माझे पाय जरा मंदावले. कान पुढं आले असावेत, कारण त्यांनी सुपावरची नजर न काढता डोळे मिटले आणि सावकाश उघडले. मी मटणाचा तुकडा तोंडात घेतला. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण त्यांचे हात शेंगांवर थांबले होते.

शेवटचं इंजेक्शन घ्यायला जायचं होतं, त्याच दिवशी मिस्त्रींनी पिंजरा मोटारसायकलला बांधला. दवाखाना झाला की तसंच डोंगराकडं, असं ठरलं होतं. वडवणीत इंजेक्शन झालं. मिस्त्रींनी गाडीला किक मारली, तरी गौसियाबी मागं बसेनात.

"बस की."

"आधी ह्याला जनावरांच्या डॉक्टरला दाखवू."

"सोडायचंच हाय तर दाखवायचं कशाला?"

"माझ्या घरात जन्मलाय तो. मला चावला, तुमाला न्हाई. मी सांगते, दाखवू."

मिस्त्रींनी गाडी बंद केली. त्यांच्या संसारात असं वरचेवर घडत नसावं.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर मोहिनीताईंनी मला पिंजऱ्याबाहेरूनच बराच वेळ न्याहाळलं. पिंजऱ्यावर कापड टाकलं. अंधार झाला तसा मी जरा शांत झालो.

"रानमांजराचा संकर आहे," त्या म्हणाल्या. "ह्याला डोंगरात सोडलंत तर उपाशी मरेल, नाहीतर कुत्री फाडतील. आणि जगलाच, तर घरचे रोग रानातल्या मांजरांत नेईल. ते तर आणखी वाईट."

"मग काय, घरात ठेवून बायकोचा दुसरा हात फोडून घेऊ?" मिस्त्रींनी विचारलं.

"उचललं होतं का त्याला?"

"मीच उचललं," गौसियाबी म्हणाल्या. "भ्याला होता. मला कळलं न्हाई."

"हा कधी मांडीवर बसणारा बोका होणार नाही, ताई. ती आशा सोडून द्या. ऑपरेशन करू, म्हणजे धार मारायचं पुष्कळ कमी होईल आणि उसात पोरं वाढवणार नाही. लसही देऊ. पण ह्याला फिरायला जागा पाहिजे, चढायला उंची पाहिजे, आणि लपला की कोणी हुडकू नये अशी एक जागा पाहिजे. एवढं जमणार असेल तर ठेवा. आणि वनखात्याच्या कानावर घाला, म्हणजे पुढं भानगड नको."

मिस्त्रींनीच पिंजरा उचलून आत नेला. ऑपरेशन झालं तेव्हा मी शुद्धीत नव्हतो. पुढं गौसियाबींनी नाजियाला फोनवर सांगितलेलं ऐकलं ते असं, की गुंगीत माझी जीभ बाहेर लोंबत होती, तेव्हा मिस्त्रींनी खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या अंगावर टाकला आणि पुटपुटले, "केवढंसं हाय हे. जोर मात्र वाघाचा दाखवतंय."

गाडी डोंगराकडं वळली नाही. आम्ही तेलगावला आलो.

नंतर मिस्त्रींनी मोटारीचं काम बाजूला ठेवलं. शेडच्या खिडकीपासून मागच्या कडुलिंबाच्या झाडापर्यंत त्यांनी जाळीचा बोगदा ओढला आणि झाडाभोवती उंच जाळी उभी केली. फांद्यांवर फळ्या ठोकल्या. एका कोपऱ्यात रिकामं पिंप आडवं टाकलं, तोंडाला पोतं लावून. साखराबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. "मिस्तरी, बोक्याला बंगला बांधायलाव व्हय?" त्यांनी विचारलं. "तुमच्या कोंबड्यांसाठीच बांधायलोय," मिस्त्री खिळे तोंडात धरून म्हणाले.

आता मी त्या जाळीत राहतो. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. दिवस कलला की माझे पाय अजून चालू लागतात. फांदीवरून जमिनीवर, बोगद्यातून खिडकीत, परत झाडावर. यंदा कारखान्याची टोळी आली आणि मागचा ऊस तुटला. रान उघडंबोडकं पडलं. पहाटे लांबून एक घोगरी हाक यायची ती थांबली. ती माझ्या वडिलांची होती का, मला माहीत नाही. ती थांबली तेव्हा मी कितीतरी वेळ सगळ्यात उंच फळीवर उभा होतो. गौसियाबी खाली बसल्या होत्या. त्यांनी मला बोलावलं नाही. त्याही दिंद्रुडच्या रस्त्याकडं बघत होत्या.

परवा उन्हं खाली आली तेव्हा त्या जाळीत येऊन मेथी निवडत बसल्या. मी उतरलो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर त्यांच्याकडं पाठ केली आणि पाय दुमडून बसलो. मिस्त्रींनी खिडकीतून पाहिलं.

"पाठ फिरवली की तुझ्याकडं. रुसलाय का?"

"हळू बोला," गौसियाबी म्हणाल्या. "रुसला न्हाई. ज्याची भीती वाटती त्याच्याकडं जनावर पाठ करत न्हाई."

मित्रांनो, रानात मांजराची पिल्लं दिसली तर घरी उचलून आणू नका. त्यांची आई जवळच असते. आपली मांजरं रानात मोकाट सोडू नका. आणि माझ्यासारखं अर्धं रान घेऊन जन्मलेलं एखादं तुमच्या दारात वाढलंच, तर त्याला मांडीवर घ्यायची घाई करू नका. आधी थोडं अंतर ठेवून, तिरपे होऊन बसा. त्याचे कान बघा, शेपूट बघा. तुमच्या हातात तेव्हा मेथी असली तरी चालेल, पण मनात वेळ मात्र पुष्कळ असू द्या.