संध्याकाळची झोप

मीरा चार महिन्यांची झाली तेव्हा जयंतीच्या लक्षात आलं, की घरात पाऊल टाकताना आपला नवरा हल्ली आपल्याकडे बघतसुद्धा नाही.

श्यामकांत कांजूरमार्गच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता. संध्याकाळी मुलुंडच्या घरी यायचा, चपला काढायचा, हातपाय धुवायचा आणि थेट पाळण्याशी जायचा. "काय केलं आज माझ्या बाईने?" हा प्रश्न पोरीला असायचा. पोरगीही बापाला बघून हातपाय झाडायची, खिदळायची. जयंती चहाचा कप घेऊन उभी राही आणि चहा निवून जाई. एकदा तिने मुद्दाम केस धुऊन निळी साडी नेसली. श्यामकांतने वर बघितलं आणि विचारलं, "हिचं नाक जरा वाहतंय का गं?"

लग्नानंतरची दोन वर्षं हा माणूस ऑफिसातल्या एकेकाच्या नकला करून तिला हसवत असे. आता तिला पोटच्या पोरीचा हेवा वाटत होता. हे सांगणार कुणाला? बोरिवलीच्या बहिणीपाशीही तिने तोंड उघडलं नाही. कुठली आई असं बोलते?

सासूबाई बाळंतपणासाठी कुडाळहून आल्या होत्या त्या अजून राहिल्या होत्या. रुक्मिणीबाई हाताने हलक्या, तोंडाने फटकळ. रोज सकाळी मीराला न्हाऊमाखू घातलं की त्या सहाण पुढ्यात ओढून घुटी उगाळत. हिरडा, वेखंड, हळकुंड, बदाम, खारीक. जायफळाशी आल्या की ते सहाणेवर एकदाच फिरवून हात आखडायचा. "ह्याचो एकच वेढो हां गो. ह्याने झोप येता."

ते वाक्य जयंतीच्या डोक्यात बसलं.

एका संध्याकाळी सासूबाई देवळात भजनाला गेल्या होत्या. जयंतीने सहाण काढली, अंगावरच्या दुधात जायफळ उगाळलं आणि मीराला चाटवलं. श्यामकांत आला तेव्हा मीरा गाढ झोपली होती. त्याने पाळण्यात डोकावून पाहिलं, जरा घुटमळला, मग स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला. "झोपली वाटतं," म्हणाला. मग चहा झाला, दुसरा चहा झाला. साहेबांनी उलटा धरलेला नकाशा कसा तासभर तपासला, ते त्याने उभं राहून करून दाखवलं. जयंती पदर तोंडात धरून हसली. किती दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा दिलं. मग सासूबाई भजनाला गेल्या की ते रोजचंच झालं. एका वेढ्याने भागेना तेव्हा दोन, मग तीन. मनात टोचायचं, पण ती स्वतःला समजावी, घुटीच तर आहे, झोपेने पोराची वाढच होते.

त्या बुधवारी मीरा दुपारपासून किरकिरत होती. सासूबाई भजनाला गेल्या, श्यामकांतची वेळ होत आली आणि जयंतीने न मोजताच जायफळ उगाळलं.

श्यामकांत आला, चहा प्यायला, पेपर वाचला. दूध पाजायची वेळ टळून गेली तरी मीरा उठेना. जयंतीने तिला पदराखाली घेतलं तर तोंडातलं दूध ओघळून गळ्यावर आलं. श्यामकांतने पोरीला उचललं. तिची मान भिजल्या फडक्यासारखी कलंडली.

"मीरा! ए मीरा! जयंती, ही अशी का करतेय?"

दोघं जिना धावत उतरली आणि रिक्षाने डॉक्टरांकडे गेली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी मीराच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तळव्यांना टिचक्या मारल्या. "काय दिलंत हिला?"

"माझी आई घुटी देते सकाळी," श्यामकांत म्हणाला.

"जायफळ असतं त्यात?"

श्यामकांतने जयंतीकडे बघितलं. जयंतीने होकाराची मान हलवली. तेवढीच. सकाळच्या घुटीत जायफळ असतं, हे खोटं नव्हतं.

"लोकांना कितीदा सांगायचं? एवढ्याशा जीवाला हे विष होऊ शकतं. बसा इथे, जागं करत राहा तिला. उठली नाही तर हॉस्पिटलात न्यावं लागेल."

ती दोघं बाकावर बसून पोरीचे तळवे चोळत राहिली. शेवटी मीराने ओठ मुडपले आणि टाहो फोडला तेव्हा श्यामकांत सगळ्यांदेखत रडला.

रुक्मिणीबाई घराच्या दारातच उभ्या होत्या. आईपुढे कधी आवाज न चढवलेला श्यामकांत जिन्यातूनच ओरडला, "किती उगाळलंस जायफळ?"

"एकच वेढो रे. रोजच्यासारखो."

"मग पोर मेल्यासारखी का पडली? डॉक्टर म्हणाले, विष आहे ते!"

रुक्मिणीबाईंनी आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. "चुकलो असात हात माझो," त्या पुटपुटल्या. "डोळ्यांक हल्ली नीट दिसणा नाय."

जयंती मीराला छातीशी धरून तिथेच उभी होती. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. ती आत गेली आणि पोरीचं दुपटं बदलू लागली.

त्यानंतर सासूबाईंनी मीराला हात लावला नाही. जयंतीने पोरगी पुढे केली की म्हणत, "नको गो, तूच घे." दुपारभर भिंतीला टेकून बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला कुडाळच्या एसटीचं तिकीट काढायला सांगितलं, शिमगा गावी करते म्हणाल्या. त्याने एका शब्दाने अडवलं नाही.

आणि श्यामकांत? तो आता जयंतीभोवती घोटाळायचा. "तू दूध पाजायला घेतलंस म्हणून कळलं तरी. मी मेला पेपर वाचत बसलो होतो." तिच्या केसांवरून हात फिरवायचा. स्टेशनवरून अबोलीचा गजराही आणला. एवढं सगळं तिला हवं होतंच ना? गजरा माळायला घेतला आणि न माळताच तो तिने देवापुढे ठेवून दिला.

शनिवारी दुपारी ती दळण घेऊन परत आली. खिडकीखाली सासूबाई सहाण घेऊन बसल्या होत्या, हातात हळकुंड. एक वेढा घेत, सहाण डोळ्यांपाशी नेऊन बघत, पुसत, पुन्हा एक वेढा. ओठ हलत होते, "एक... एक..." आपला हात चुकतो कसा, ते त्या शोधत होत्या.

जयंतीने दळणाचा डबा दणकन खाली टेकवला.

"आई, तुमचा हात नाही चुकला. मी दिलं होतं जायफळ. संध्याकाळी. तुम्ही भजनाला गेलात की मी रोज द्यायची."

"कशाक?"

"हे घरी आल्यावर माझ्याशी बोलावेत म्हणून."

रुक्मिणीबाईंनी हातातलं हळकुंड खाली ठेवलं. जयंतीला वाटलं, जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही.

"चार दिस माझ्या डोळ्याक डोळो लागलो नाय," त्या म्हणाल्या. "माका वाटला, मी माझ्याच नातीक मारीत होतंय. आणि तू गप रवलंस." त्यांनी सहाण बाजूला सारली. "त्याका तूच सांग. मी सांगूचंय नाय."

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं, मीरा मांडीवर टकटक जागी असताना. श्यामकांतने सगळं ऐकून घेतलं. मग पोरगी तिच्या मांडीवरून उचलली, म्हणाला, "खाली फिरवून आणतो," आणि गेला. परत आल्यावर आधी आईकडे गेला, तिच्या पायांशी बसला. माय-लेक काय बोलली ते जयंतीने ऐकलं नाही. रुक्मिणीबाई ठरल्या दिवशी गेल्याच, पण निघण्याआधी त्यांनी मीराला स्वतः न्हाऊ घातलं. जयंती पाया पडली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पिशवी उचलली.

बरेच दिवस श्यामकांत कामापुरतं बोलत होता. एकदा जेवताना अचानक म्हणाला, "मला सांगायचंस ना."

"काय सांगू? पोटच्या पोरीचा हेवा वाटतो म्हणून?"

त्याचा घास हातातच राहिला. "मला कळलंच नाही," तो म्हणाला. मग भात कालवत, "मला अजून राग आहे, जयंती."

"असू दे," ती म्हणाली. तिने त्याला आमटी वाढली आणि त्याने ती घेतली.

तेव्हापासून तो रोज दुपारी ऑफिसातून तळमजल्यावरच्या कुंदाताईंकडे फोन करतो. कुंदाताई जिन्यातून हाक मारतात. जयंती मीराला कडेवर घेऊन खाली जाते.

"उठली?"

"उठली. खेळतेय."

"दूध प्यायली?"

"हो. ऐकवू आवाज?"

"ऐकव."

ती रिसीव्हर पोरीच्या तोंडाशी धरते. मीरा काहीतरी बडबडते, मगच तो फोन ठेवतो.

"नशीबवान हो तुम्ही," कुंदाताई एकदा म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी तर कधी ऑफिसातून पोरांची साधी चौकशी केली नाही. किती जीव आहे तुमच्यावर!"

"हो," जयंती म्हणाली आणि मीराला घेऊन जिना चढू लागली.